बत्तिशीमामाची दोन मिनिटं

बत्तिशीमामा दिवसभर लोकांच्या तोंडाचं काम करायचा, पण तोंड चालवणाऱ्यांचा त्याला मनस्वी कंटाळा होता. त्याचा धंदा कवळ्यांचा. शहरातले दातांचे डॉक्टर बोळक्या तोंडांचे ठसे त्याच्याकडे पाठवायचे आणि मामा आपल्या एका खोलीच्या कारखान्यात मेण वितळवून, साचे भरून, घासूनपुसून वरखालची पंगत मांडून द्यायचा. टेबलावर सदा पाचदहा कवळ्या हसत पडलेल्या असायच्या. ‘‘संगत असावी तर अशी,’’ मामा म्हणायचा. ‘‘हसतात, पण बोलत नाहीत.’’

तो ज्यांच्यातला, त्यांना शहर ‘कालव्याखालचे’ म्हणायचं. शहराच्या मधोमध कालवा होता. वरच्या अंगाला सगळं शहर, आणि पूल उतरून खाली आलं की चार गल्ल्यांत हे मूठभर लोक. त्यांचं प्रार्थनाघर वेगळं, घरात बोलायची भाषा वेगळी, आणि वरच्यांच्या मते ते रोज अंघोळ करत नाहीत. यातला शेवटचा आरोप मामापुरता खरा होता. बाकीच्यांवर तो अन्याय होता.

कारखान्याला लागून घड्याळजीचं दुकान. घड्याळजी म्हणजे मामाचं दुसरं टोक. रस्त्यानं जाणाऱ्या मांजरालाही ‘काय, कुठे निघाली स्वारी?’ विचारणारा. ‘‘बोलून सुटत नाही असं जगात काही नसतं,’’ हे त्याचं पालुपद. मामा त्यावर म्हणायचा, ‘‘तुझं बोलणंच सुटत नाही, त्याचं काय?’’ दोघांचं असं वर्षानुवर्षं चाललं होतं. दुपारचा चहा मात्र एकाच किटलीतला.

मग निवडणुकीचा निकाल लागला. जिंकलेल्यांची मिरवणूक नेहमी वरच्या रस्त्यानंच फिरून जायची. त्या दुपारी ती पूल उतरली. कुणी म्हणालं, खालच्यांनी मतं दिली नाहीत. कुणी म्हणालं, खालून दगड आला. तो दगड कुणी पाहिला नव्हता, पण त्याचा आकार मात्र प्रत्येकाला पाठ होता. गल्लीतली शटरं धडाधड पडू लागली.

मामानं घड्याळजीचा दंड धरला. ‘‘चल, माझ्या माळ्यावर चढ.’’

‘‘अरे, ओळखीचीच पोरं आहेत ती. निम्म्यांची घड्याळं माझ्याकडे दुरुस्तीला पडलीत. थांब, मी बोलतो त्यांच्याशी.’’

‘‘बोलू नकोस. या घडीला अजिबात बोलू नकोस.’’

‘‘तू भित्रा आहेस रे.’’

‘‘आहेच. तूही हो जरा.’’

घड्याळजी हसला, दंड सोडवून घेतला आणि दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. मामानं माळ्याच्या झरोक्यातून पाहिलं. सगळ्यांत पुढे वरच्या अंगाचा टायरवाला होता, हातात टायर काढायची लोखंडी पहार. घड्याळजीनं त्याला नावानं हाक मारली. पुढचं वाक्य त्याला पुरं करू दिलं नाही.

नंतर त्यांनी दुकानं फोडली. मामाच्या कवळ्या रस्त्यावर उधळल्या. बुटांखाली त्या करकर फुटत होत्या आणि एक पठ्ठ्या त्यांच्यावरून घसरून सपशेल आपटला. पुढे मामा ही गोष्ट सांगताना इथे जरा थांबायचा, कारण त्या दुपारी त्याला हसू आलं होतं, आणि खाली घड्याळजी पडला असताना आपल्याला हसू आलं याचं काय करायचं ते त्याला कधीच कळलं नाही.

पोलीस आले ते सगळं निवल्यावर. संध्याकाळी सरकारनं जाहीर केलं : ‘दोन गटांत किरकोळ बाचाबाची. एकाचा दुर्दैवी मृत्यू. परिस्थिती नियंत्रणात.’

‘‘बाचाबाची?’’ मामा रेडिओला म्हणाला. ‘‘बाचाबाची माझी न् बायकोची होते. त्यात अजून कुणी मेलं नाही.’’

‘‘अजून,’’ मामी आतून म्हणाली.

खालच्या गल्ल्यांची एक समिती होती. तिचा कणा म्हणजे वकीलबाई. कोर्टाच्या पायऱ्या झिजवून झिजवून त्यांच्या चपलांचे तळ नेहमी कागदासारखे पातळ. पोलिसांनी तक्रार घेतली नाही. कोर्टानं तारीख दिली, तारखेनं तारीख दिली. तेव्हा वकीलबाईंनी ठरवलं की आता जगाच्या दारात जायचं. दूर देशात सगळ्या देशांची एक मानवाधिकार परिषद भरते. तिथे अशा लोकांनाही बोलायला मिळतं. एका माणसाला दोन मिनिटं.

समितीतून पाच जण निवडले आणि पाचही जणांना विमानतळावरून परत पाठवलं. वकीलबाईंना, मास्तरांना, प्रार्थनाघराच्या वडीलधाऱ्यांनाही. कारण एकच : ‘देशाबाहेर गेल्यास शांततेला धोका.’ घरी ठेवल्यावर शांततेला काय व्हायचं ते होऊन गेलंच होतं, पण ते असो.

मग वकीलबाईंच्या लक्षात आलं की एका माणसावर कुणाची नजरच नाही. तो कुठल्याही पत्रकावर सही करत नसे, भाषण करत नसे, आणि समितीच्या बैठकीला आला तर भिंतीला टेकून घोरत असे.

‘‘मामा, तुम्ही जायचं,’’ त्या म्हणाल्या.

मामाच्या हातून कवळी सुटली. ‘‘बाई, माझा बोलण्यावर विश्वास नाही. बोलायला गेला तो गेला. मी गप्प बसलो म्हणून तुमच्यासमोर बसलोय.’’

‘‘म्हणूनच जा. डोळ्यांनी पाहिलेला दुसरा माणूस बाहेर पडूच शकत नाही.’’

मामीला हसू आवरेना. ‘‘यांना पाठवणार? अहो, लग्नात लोकांनी दोन शब्द बोलायला सांगितलं तर हे ‘जेवून जा’ म्हणाले होते. अजून बसायचं होतं लोकांना!’’

मामा नाहीच म्हणणार होता. पण संध्याकाळी घड्याळजीची बायको आली. मामा तिला वहिनी म्हणायचा. ती या दिवसांत कुणाशी फारसं बोलत नव्हती. दारातच उभी राहिली.

‘‘मामा, तिकडे जाऊन रडू नका,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांना मारलं. सगळ्यांसमोर मारलं. आणि सरकार म्हणतं बाचाबाची. म्हणजे त्यांनीही काही केलं असणार, असा त्याचा अर्थ होतो ना? माझ्या पोरींना शाळेत मुली विचारतात, तुझे बाबा भांडखोर होते का? तो शब्द तेवढा काढायला लावा.’’

वहिनी निघून गेल्यावर त्यानं मामीला विचारलं, ‘‘माझा कोट कुठाय?’’

‘‘उंदरांनी खाल्ला. भावाचा आणते.’’

मामीच्या भावाचा देह मामाच्या दीडपट. त्या कोटात मामा असा दिसत होता, की कुणी भाड्यानं घर घेतलंय आणि सामान अजून यायचंय. विमानात त्याला तीनदा ओकारी झाली. उतरल्यावर समितीला मदत करणाऱ्या तिथल्या एका संस्थेच्या उंच बाई न्यायला आल्या होत्या. पांढरे केस, माणसांच्या हक्कांचं काम करण्यात हयात गेलेली, आणि मामाची भाषा त्यांना येत होती, पण अशी की सगळी क्रियापदं पाय मुरगळल्यासारखी लंगडत होती. ‘‘तुम्ही थकला आहे काय? मी तुम्हाला झोपवते,’’ त्या म्हणाल्या. मामा लाजला.

सभागृह केवढं मोठं! मामाला वाटलं, आपल्या चारही गल्ल्या आत घालून वर पूल ठेवता येईल. प्रत्येकाच्या कानाला यंत्र. कुणी काही बोललं की काचेच्या खोलीतले लोक ते लगेच दुसऱ्या भाषेत बोलायचे. बोलणं, बोलणं, बोलणं. निम्मे लोक ऐकत होते, पाव लोक फोनमध्ये होते, आणि उरलेले मामासारखेच डोळे मिटून चिंतन करत होते. त्याला एकदम घरच्यासारखं वाटलं.

आधी सरकारचा राजदूत बोलला. देखणा माणूस, अंगासरशी सूट. मामानं सवयीनं आधी दात पाहिले, स्वतःचेच होते. ‘‘आमचा देश म्हणजे नाना फुलांची बाग आहे,’’ राजदूत म्हणाला. ‘‘उल्लेख झालेली घटना ही एक किरकोळ बाचाबाची होती.’’

मग मामाच्या समोरचा लाल दिवा लागला.

वकीलबाईंनी सुरेख भाषण लिहून दिलं होतं. मामानं तो कागद मामीच्या भावाच्या खिशात ठेवला होता, आणि त्या खिशाचं अस्तर फाटलेलं होतं. कागद कोटाच्या आत कुठेतरी गुडघ्यापाशी पोचला होता. मामा एका हातानं कोट चाचपत राहिला आणि तोंडानं त्यानं अध्यक्षांचे आभार मानले. मग सभासदांचे. मग काचेच्या खोलीतल्या लोकांचे. उंच बाईंनी मागून त्याच्या खुर्चीला गुडघा मारला.

‘‘माझा शेजारी मेला,’’ मामा म्हणाला. ‘‘तो घड्याळं दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, बोलून सुटत नाही असं काही नसतं. त्यांच्याशी बोलायला तो हात वर करून गेला. ते पहार घेऊन आले होते. मी माळ्यावरून पाहिलं. त्यात बाचाबाची कुठे होती? बाचाबाचीला दोन माणसं लागतात. त्याला तर पहिलं वाक्यही पुरं करू दिलं नाही. मला वाटायचं, बोलायला गेला म्हणून मेला. आज इथे बसून मला वाटतंय, एकटा गेला म्हणून मेला. बोलणाऱ्याच्या पाठीशी कुणीतरी उभं लागतं. पोलीस लागतो, कोर्ट लागतं. त्याच्या मागे कुणी नव्हतं. मीसुद्धा माळ्यावर होतो. तर माझं एवढंच म्हणणं आहे की तुम्ही जर...’’

दिवा विझला. माइक बंद. मामाचे ओठ आणखी थोडा वेळ हलत राहिले, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे.

‘‘मी घाण केली,’’ तो बाहेर येऊन उंच बाईंना म्हणाला.

‘‘नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फोनवाले वर बघितले.’’

तेवढ्यात कुठल्याशा चिमुकल्या देशाच्या प्रतिनिधीनं प्रश्न टाकला : त्या बाचाबाचीत एका बाजूला पहार होती, तर दुसऱ्या बाजूला काय होतं? सरकारनं उत्तर द्यावं. त्याच्या पाठोपाठ आणखी दोघांनी तेच विचारलं. मामाला त्या देशांची नावं ऐकूनही ठाऊक नव्हती. नकाशावर माशी बसली तर झाकले जातील एवढे ते देश. पण मत प्रत्येकाला एक होतं, आणि मामाच्या सरकारला त्या वर्षी परिषदेत खुर्ची हवी होती. बोहल्यावर चढायच्या आधी मुलीकडच्यांनी चौकशी सुरू करावी, तशी राजदूताची अवस्था झाली.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या यंत्रापाशी त्यानं मामाला गाठलं.

‘‘घरची धुणी चव्हाट्यावर धुता? लाज नाही वाटत?’’

‘‘साहेब, घरी पाणी तोडलंय तुम्ही,’’ मामा म्हणाला. ‘‘नाहीतर इतक्या लांब कोण आलं असतं? मला विमान सोसत नाही.’’

राजदूत दातओठ खात उभा राहिला. मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘‘तुम्हाला नेमकं हवंय काय?’’

मामा चपापला. सरकारातल्या माणसानं हा प्रश्न आजवर कुणालाच विचारला नव्हता. ‘‘तो शब्द मागे घ्या. खुनाला खून म्हणा. टायरवाला राजरोस चाकांत हवा भरत बसलाय, त्याला उचला. आणि आता नगरपालिकेची निवडणूक येतेय. मिरवणूक पूल उतरता कामा नये.’’

‘‘यातलं काहीच माझ्या हातात नाही.’’

‘‘मग तुमच्या हातात आहे काय?’’

राजदूतानं हातातल्या पेल्याकडे पाहिलं. ‘‘सध्या? कॉफी.’’

दोघांनाही हसू फुटलं आणि दोघांनीही ते लगेच गिळलं.

‘‘तुमच्यामुळे माझी मतं जातायत,’’ राजदूत मग म्हणाला. ‘‘हे मात्र मी वर कळवू शकतो. तुमचे अश्रू तिथे कुणी वाचणार नाही. मतं वाचतील.’’

‘‘मी रडलोच नाही,’’ मामा म्हणाला. ‘‘मतंच कळवा.’’

पुढचे दिवस त्या इमारतीच्या बोळांत, जिन्यांवर, जेवणाच्या रांगेत नुसती बोलणी चालली. मामाला त्यातलं फार काही कळलं नाही. शेवटी असं ठरलं, की नगरपालिकेच्या निकालाच्या दिवशी बाहेरचे दोन निरीक्षक पुलाशी हजर राहतील आणि सरकार त्यांना अडवणार नाही. सरकारनं हे ‘आमच्याच पुढाकारानं’ म्हणून जाहीर केलं. मामा म्हणाला, ‘‘घेऊ दे श्रेय. श्रेय घेतलेला माणूस सहजासहजी पलटत नाही.’’

परतल्यावर विमानतळावर त्याला एका कोंदट खोलीत बसवलं. अधिकारी तरुण होता.

‘‘तुम्ही परदेशात देशाची बदनामी केलीत.’’

‘‘मला दोनच मिनिटं होती, साहेब. त्यातली निम्मी आभारात गेली. उरलेल्यात कितीशी होणार?’’

बसवून बसवून त्यांनी त्याला सोडलं. घरी मामीनं आधी कोट तपासला. ‘‘हा डाग कसला?’’

‘‘विमानातला.’’

‘‘भावाला मीच सांगते,’’ ती म्हणाली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

निकालाच्या दुपारी निरीक्षक आले. एक त्याच उंच बाई, आणि दुसरा एक लालबुंद नाकाचा सद्गृहस्थ. निळी जाकिटं, गळ्यात दुर्बीण, हातात पेन. मामानं आशेनं त्यांच्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

‘‘एवढेच?’’

‘‘एवढेच,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तुम्ही माझ्या बाजूला उभे राहता काय? कोण कोण आहे ते मला दाखवा.’’

मामाला माळा आठवला. त्यानं मामीकडे पाहिलं. मामी म्हणाली, ‘‘जा. मी आहे मागे.’’ आणि खरंच ती पदर खोचून मागे उभी राहिली. तिच्यामागे घड्याळजीची बायको. तिच्यामागे वकीलबाई. मग एकेक शटर वर गेलं आणि गल्ली पुलाच्या तोंडाशी जमली.

या खेपेला पोलीसही होते, पुलाच्या वरच्या टोकाला, चक्क रांगेत, चक्क इस्त्रीच्या कपड्यांत. फौजदाराचा एक डोळा जमावावर आणि एक बाईंच्या पेनावर.

मिरवणूक पुलाशी आली. ढोल थांबले. टायरवाला पुढे सरकला.

‘‘काय रे बत्तिशी! परदेशात जाऊन चहाड्या करतोस? ये ना इकडे. बोलू की दोघं.’’

‘‘बोलू की,’’ मामा म्हणाला, आणि आवाज चिरकला म्हणून पुन्हा म्हणाला, ‘‘बोलू की! पण इथेच बोलू, सगळ्यांसमोर. तुझं नाव काय सांगायचं बाईंना? पूर्ण नाव सांग, त्या लिहून घेतील. स्पेलिंग चुकायला नको.’’

बाईंनी पेन उघडून टायरवाल्याकडे अगदी अगत्यानं पाहिलं. गर्दीत मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मागच्या रांगेतले दोघंतिघं दुसरीकडे बघायला लागले. एक दगड आला, कठड्याला लागून कालव्यात पडला. फौजदार ओरडला, ‘‘कोण आहे तो? चला, वरच्या रस्त्यानं! चला, चला!’’ आणि आयुष्यात पहिल्यांदाच पोलिसांनी ढकललं ते वरच्यांना. ढोल पुन्हा सुरू झाले. वळणापलीकडे गेले. ऐकू येईनासे झाले.

खालच्या लोकांना आता काय करायचं ते सुचेना. पळायची तयारी ठेवून सगळे उभे होते आणि पळायचं काही कारणच उरलं नव्हतं. लाल नाकाच्या गृहस्थानं जांभई दिली. त्या जांभईची सुटी मिळाल्यासारखी सगळी गल्ली एकदम बोलू लागली. मामा मात्र तिथेच कठड्याला टेकून खाली बसला आणि त्याला रडू कोसळलं. वहिनीनं बजावलं होतं ते परदेशापुरतं होतं, असं त्यानं मनाशी ठरवलं.

निरीक्षकांच्या अहवालात टायरवाल्याचं पूर्ण नाव आलं. महिन्याभरानं त्याला पकडलं. खटला लोंबकळत चालला. मामानं कोर्टात बोट दाखवून त्याला ओळखलं. विरुद्ध बाजूचा वकील म्हणाला, ‘‘माळ्यावरच्या झरोक्यातून तुम्हाला चेहरा दिसला?’’ मामा म्हणाला, ‘‘दिसला. तुमचा पुढचा डावा दात ठिसूळ झालाय तोही दिसतोय, पण ते कामकाजात घेऊ नका.’’ न्यायाधीशांनी त्याला समज दिली. टायरवाल्याला शिक्षा झाली. बाकीचे पुराव्याअभावी सुटले आणि आजही कालव्याच्या वर राहतात. त्यातला एक समोर आला की मामा अजून रस्ता बदलतो. सरकारला परिषदेतली खुर्चीही मिळाली. राजदूताची बढती झाली म्हणतात.

पण खुर्ची मिळण्याआधी सरकारनं परिषदेला जे लेखी उत्तर दिलं, त्यात ‘हत्या’ असा शब्द होता. वकीलबाईंनी ते वहिनीला वाचून दाखवलं. वहिनी म्हणाली, ‘‘पुन्हा वाचा.’’ त्यांनी पुन्हा वाचलं. ‘‘दोन अक्षरं,’’ वहिनी म्हणाली. ‘‘यासाठी समुद्रापलीकडे जावं लागलं?’’ तिनं तो कागद मोठ्या मुलीला वाचायला दिला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

समितीनं मामाला अध्यक्ष करायचं ठरवलं. बैठकीत तो झोपलेला असल्यामुळे ठराव बिनविरोध मंजूर झाला.

गेल्या महिन्यात डोंगराकडच्या लोकांचं एक टोळकं त्याच्या कारखान्यात आलं. त्यांची भाषा निराळी, प्रार्थना निराळी, आणि त्यांची वस्ती नुकतीच जाळली होती. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की कवळीवाल्याकडे जा, तो जाऊन आलाय. मामानं यंत्र बंद केलं, स्टुलं ओढली.

‘‘आभार मानत बसू नका,’’ तो त्यांना सांगत होता. ‘‘पहिलं वाक्य मेलेल्या माणसाचं. आणि एकटं जायचं नाही. आणि कोटाचे खिसे तपासा.’’

मामीनं दारातून डोकावून माणसं मोजली. ‘‘अहो, कप कमी पडतायत. अजून किती जण येणार आहेत?’’

‘‘जितक्यांची घरं जाळतील तितके,’’ मामा म्हणाला.

‘‘मग वहिनीकडून आणते,’’ मामी म्हणाली आणि गल्लीत उतरली.